चावून दिलेला घास

उडत्या टपालाचं एक बरं आहे, ते दार वाजवून झोपमोड करत नाही. पण कुठे उतरावं याचं त्याला काडीचं भान नसतं. त्या दिवशी ते गच्चीवर थेट शालनआक्कांच्या सांडग्यांवर उतरलं. आक्का जिना चढून गेल्या, त्या यंत्राला दोन सणसणीत शिव्या हासडल्या आणि खोकं आणून नंदाच्या पुढ्यात आदळलं. "तुझ्या लेकीचं हाय," म्हणाल्या, आणि परत सांडग्यांकडे गेल्या.

नंदा साठी ओलांडलेली, आक्का तिच्या थोरल्या नणंदबाई, सत्तरीच्या. नंदाचे यजमान रेल्वेत होते, ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून करमाळ्याच्या घरात या दोघीच. नणंद-भावजय म्हटलं की लोकांना विळ्या-भोपळ्याचं सख्य आठवतं. यांचंही भांडण रोजचं होतं, पण ते आमटीत मीठ पडलं की नाही एवढ्यावरच संपायचं. नंदाची एकुलती एक लेक ऋतुजा सोलापूरच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करायची. चौतीस वर्षांची झाली तरी घरी आली की आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून लोळायची.

खोकं उघडलं तसा ऋतुजाचाच आवाज बोलायला लागला. आत दोन डब्या होत्या, एकीवर आईचं नाव, दुसरीवर आत्याचं. सकाळी शौचाला गेल्यावर वाटाण्याएवढा नमुना डबीत घालायचा, झाकण घट्ट लावायचं, बाकीचं प्रयोगशाळेतलं यंत्र बघेल. आक्कांनी तोंडाला पदर लावला. या वयात आता हेच बघायचं राहिलं होतं, असं म्हणाल्या.

पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. दोन महिन्यांपूर्वी ऋतुजाच्या मोठ्या आतड्यात चामखिळीसारखे दोन कोंब सापडले होते. डॉक्टर त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक कोंब निरुपद्रवी असतात, जन्मभर पडून राहतात. एखादा मात्र दहा-बारा वर्षं गपचूप वाढतो आणि त्याचा कर्करोग होतो. ऋतुजाचे वेळीच काढून टाकले. प्रश्न असा पडला की एवढ्या तरुण वयात ते उगवलेच कसे? वय वाढलं, वजन वाढलं, बसून काम केलं, तंबाखू-दारू घेतली, जेवणात चोथा नसला, रोजचं मटण झालं, घरात कुणाला आधी होऊन गेलं, अशी कारणं डॉक्टर पूर्वीपासून सांगत आलेत. ऋतुजाच्या बाबतीत त्यातलं एकही लागू पडेना. शेवटी यंत्राने तिच्या पोटातल्या एका जंतूकडे बोट दाखवलं.

हा जंतू मळसूत्रासारखा पिळदार. जठरातल्या जळजळीत आम्लात दुसरं काही जगत नाही, हा मात्र तिथल्या चिकट अस्तराखाली घर करून बसतो. तो राहतो जठरात आणि त्रास होतो पार खाली आतड्याला, म्हणजे चूल एकीच्या घरात आणि धूर दुसरीच्या. त्याच्यामुळे जठरातून एक संप्रेरक जास्त पाझरतं, ते रक्तातून फिरत राहतं आणि आतड्याच्या पेशींना वाढा, वाढा असं सांगत सुटतं. जुन्या डॉक्टरांना याचा संशय होता, पण हा जंतू तर निम्म्या देशाच्या पोटात, मग कोंब काहींनाच का, याचा उलगडा होत नव्हता. तो ऋतुजाच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राने केला. या जंतूची कुळं असतात. बारा कोसांवर भाषा बदलते तसा हा घराघरांत बदलतो, आणि त्यातली काही कुळं फार आगाऊ असतात. ऋतुजाच्या पोटातलं कूळ त्यातलंच होतं.

आणि तो येतो कुठून? आवाज अगदी मायेने सांगत होता, "आई, हा मोठेपणी सहसा लागत नाही. तान्हेपणी जो आपल्याला भरवतो, त्याच्या तोंडातून आपल्या पोटात येतो आणि जन्मभर राहतो. म्हणजे ज्याने मला दिला त्याच्या पोटात तो अजून असणार, आणि त्याचं वय माझ्यापेक्षा जास्त. त्याचं आतडं आधी तपासायला हवं. यंत्र बरोबर सांगतं, कुणाचा घास कुणाच्या पोटात गेला ते."

आक्का सांडगे सोडून कधी दारात येऊन उभ्या राहिल्या, ते नंदाला कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी तिला न्हाणीघराच्या बाजूला गाठलं. आपली डबी तिच्या हातात कोंबली आणि म्हणाल्या, दोन्ही तूच भर. नंदा बघतच राहिली. मग आक्कांनी खाली मान घालून कबुली दिली. त्यांनी मशेरी सोडली नव्हती. भाऊ गेला तेव्हा त्याच्या पायांवर हात ठेवून सोडली होती, आणि वर्षभरात कोपऱ्यात तोंड करून पुन्हा धरली होती. यंत्राला तंबाखू कळते, मग पोरीला कळणार, आणि पोरगी काय म्हणेल? नंदाला हसू आवरेना. सत्तरीची बाई दातांना काळी भुकटी चोळायची चोरी लपवते आहे, आणि तीही असल्या मार्गाने. तिने दोन्ही डब्या भरल्या. नणंदेसाठी आजवर पुष्कळ केलं होतं, हे एवढंच राहिलं होतं.

आठवड्याने ऋतुजाचा फोन आला. भिंतीवर तिचा चेहरा उमटला, आणि ती हसावं की रागवावं अशा पेचात होती. दोन्ही डब्यांत एकाच माणसाचा नमुना होता, यंत्राने चटकन सांगितलं होतं, आणि तो माणूस म्हणजे आई. आक्का पुढे झाल्या आणि मशेरीचं पाप त्यांनी एका दमात ओकून टाकलं. ऋतुजा मनापासून हसली, मग आत्याला चांगलंच झापलं. मशेरीनेही कोंब होतात, ती आधी बंद कर म्हणाली.

मग तिने खरी गोष्ट सांगितली. आईच्या पोटात तो जंतूच नव्हता. त्याची नामोनिशाणी नव्हती. "म्हणजे मला तुझ्याकडून आला नाही, आई. आत्या तर तेव्हा आपल्याजवळ राहत नव्हती. बाबांकडूनच आला असणार, आणि बाबा आता नाहीत. मग शोध इथेच थांबला." तिच्या आवाजात सुटकेचा भाव होता. आईला धोका नाही, हेच तिला पुष्कळ होतं. आत्याची तपासणी पुढच्या वर्षी गावात डॉक्टरांची फेरी येईल तेव्हा करू, घाई नाही, असं म्हणून तिने फोन ठेवला.

आक्कांनी एवढा मोठा श्वास सोडला की नंदाने वळून पाहिलं. तो श्वास मशेरीचा नव्हता. मशेरीची चोरी तर आत्ताच उघडी पडली होती.

"आक्का," ती हळूच म्हणाली, "तुम्ही डबी भरली नाही, ती मशेरीपायी नव्हे ना?"

आक्का पीठ चाळायला बसल्या. नंदाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

ऋतुजाला तिच्या बापाने कधी एक घासही भरवला नव्हता. तेव्हा ते कुर्डुवाडीला राहायचे, त्याची ड्यूटी वेळी-अवेळीची, आणि तान्हं पोर हातात धरायलाही तो भ्यायचा. आणि नंदाने? तान्हेपणी तिनेही भरवला नव्हता. ऋतुजा तीन महिन्यांची असताना नंदाला क्षय निघाला, साध्या औषधाला न जुमानणारा. तिला मिरजेला माहेराजवळच्या दवाखान्यात ठेवलं. दीड वर्ष ती तिथे मूठमूठ गोळ्या गिळत पडून होती. त्या गोळ्यांनी क्षय गेला, आणि पोटात दुसरा कुठला जंतू असेल तर तोही धुऊन निघाला, हे तिला आज कळत होतं. लेकरू कुर्डुवाडीलाच राहिलं. स्वतःचे यजमान वारल्यामुळे शालनआक्का तेव्हा नुकत्याच भावाकडे आल्या होत्या. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. पोरीला वरचं दूध पचेना, हगवण लागली, हातापायांच्या काड्या झाल्या. मग आक्का ज्वारीची कडक भाकरी स्वतः चावायच्या, चावून चावून तिची लापशी करायच्या आणि बोटाने पोरीच्या तोंडात घालायच्या. त्यांच्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या असंच करत आल्या होत्या. दूध पचेना तिथे भाकरी पचली. पोर जगली.

नंदा परत आली तेव्हा ऋतुजा तिला बघून किंचाळली आणि आक्कांच्या पदरात शिरली. तो आवाज नंदाला अजून ऐकू यायचा. त्याच आठवड्यात आक्का पिशवी भरून करमाळ्याला निघून गेल्या, आणि पोरगी आईला धरीपर्यंत फिरकल्या नाहीत. जाताना मात्र भाऊ-भावजयीला कमलाभवानीच्या नावाने शपथ घातली. हे पोरीपुढे कधी काढायचं नाही. आईला लेकरू ओळखत नव्हतं, असं तिच्या कानावर कधी पडायचं नाही. नंदाने शपथ घेतली, आणि खरं सांगायचं तर आनंदाने घेतली. पुढे तिला स्वतःलाच वाटायला लागलं की ते दीड वर्ष नव्हतंच. ऋतुजा कधी विचारायची, लहानपणी मी जेवायला त्रास द्यायचे का गं? नंदा सांगायची, फार. आणि काहीबाही रचून सांगायची.

"यंत्र सांगणार हुतं, घास कुणाचा ते," आक्का पिठाकडे बघत म्हणाल्या. "म्हणून न्हाई दिलं. आता भावावर गेलं, बरं झालं. त्याला कोण विचारायला जातंय. तू गप ऱ्हा."

नंदा गप्प राहिली. गप्प राहणं सोपं होतं, त्यात तिचाच फायदा होता. पण त्यानंतर तिचं लक्ष आक्कांवरून हलेना. हल्ली दोन भाकऱ्या थापल्या की त्यांना दम लागायचा. हाताचे तळवे पांढरेफटक पडले होते. जिना चढताना मध्येच थांबून कठड्याला धरायच्या आणि विचारलं की गुडघ्याचं नाव सांगायच्या. एका सकाळी न्हाणीघरात नंदाला रक्ताचा डाग दिसला. तिने विचारलं तेव्हा आक्का म्हणाल्या, मूळव्याध हाय, जुनीच. जुनी असती तर नंदाला माहीत नसती का? एका छपराखाली राहून दोघींना एकमेकींच्या शिंका ओळखू यायच्या.

तिने दोन-तीनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. काय सांगायचं? बाई गं, तुला जगवलं ते मी नाही. तुझ्या पोटात तिचा जंतू निघाला, माझं काहीच निघालं नाही. तिला लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा भीती जास्त होती. चौतीस वर्षं जपलेली जागा एका वाक्यात जाणार होती. ती देवीपुढे जाऊन बसली, तिथेही सुचेना. परत येताना तिला एवढंच कळलं की आपण गप्प बसलो आणि आक्का गेल्या, तर मग ऋतुजाने आई म्हणून मारलेली एकेक हाक आपल्याला टोचत राहील.

रविवारी ऋतुजा आली. आक्का देवळात गेल्या होत्या. नंदाने तिला चहा दिला, समोर बसली आणि पदराचं टोक मुठीत धरून सगळं सांगितलं. मिरज, गोळ्या, भाकरी, शपथ. किंचाळलेलंही सांगितलं. मध्ये थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं.

ऋतुजाचा चहा तसाच राहिला.  नंदाला वाटलं, गेलं. आता ही उठेल आणि आपल्याला अहो म्हणेल.

"आत्याचं रक्त जातंय?" ऋतुजाने विचारलं.

नंदाने मान डोलावली.

"कधीपासून?"

"मला दिसलं ते गेल्या आठवड्यात. दम तर कधीचा लागतोय. मी आधी बोलायला हवं होतं गं. मला भीती वाटली, तू माझी राहणार नाहीस."

ऋतुजा उठली. आधी तिने सोलापूरला फोन लावला आणि दुर्बिणीच्या तपासणीची लवकरात लवकरची वेळ मागून घेतली. मग आईच्या पायाशी खाली बसली आणि तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. "दीड वर्ष मला न बघता तू कशी राहिलीस?" एवढंच म्हणाली. या प्रश्नाची नंदाने कधी तयारी केली नव्हती. ती ढसाढसा रडली, आणि लेक तिला थोपटत राहिली.

आक्का परतल्या तेव्हा दोघींचे डोळे बघून त्यांना काय ते कळलं. त्या नंदावर अशा कडाडल्या की शेजारची खिडकी उघडली. भवानीची शपथ मोडलीस, म्हणाल्या. भवानीचं मी बघून घेईन, नंदा म्हणाली, तुम्ही आधी गाडीत बसा. एवढ्या वर्षांत ती आक्कांना पहिल्यांदा अशी उलटून बोलली होती.

गाडीत आक्का खिडकीकडे तोंड करून बसल्या. टेंभुर्णी मागे पडल्यावर त्यांनी कुणाकडेही न बघता विचारलं, "म्हंजी पोरीच्या पोटात ते कोंब आले, ते माझ्या घासानं?" त्यांच्या मनात खरं हेच सलत होतं.

ऋतुजाने खोटा धीर दिला नाही. हो म्हणाली, त्याने आले असावेत. पण ते दोन कोंब होते, काढायला अर्धा तास लागला. आणि तो घास मिळाला नसता तर कोंब यायला ती उरलीच नसती. एका पारड्यात अर्धा तास आणि दुसऱ्यात सगळं आयुष्य, तूच तोल बघ, असं तिने आत्याला सांगितलं. आक्कांनी पदराने नाक पुसलं आणि अजूनही खिडकीबाहेरच बघत राहिल्या, पण हात मागे करून त्यांनी नंदाचा हात चाचपून धरला.

तपासणीआधी आतडं धुऊन काढायला तांबेच्या तांबे खारट औषध प्यावं लागतं. असलं पाणी म्हशीलासुद्धा पाजत नाहीत, असं आक्कांनी परिचारिकेला ऐकवलं आणि सगळं प्याल्या. दुर्बिणीत लिंबाएवढा कोंब निघाला, त्यातूनच रक्त झिरपत होतं. तो तिथल्या तिथे कापून काढला. पेशी बिघडायला नुकती सुरुवात झाली होती, बिघाड मुळाशी पोचला नव्हता. पुढच्या वर्षीच्या फेरीपर्यंत थांबला असतात तर आम्ही काही करू शकलो नसतो, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. जंतूचं कूळ यंत्राने ऋतुजाच्या जंतूशी ताडून पाहिलं. दोन्ही अगदी एक निघाले.

आता जंतू मारायचा होता, आत्याच्या आणि भाचीच्या, दोघींच्याही पोटातला. चार प्रकारच्या गोळ्या, दोन आठवडे, एकही चुकवायची नाही. एक जरी चुकली तरी जंतू शिरजोर होतो. ऋतुजा तेवढ्यासाठी रजा काढून करमाळ्याला येऊन राहिली. आक्कांनी गोळ्या मुकाट्याने सुरू केल्या. ऋतुजाने मात्र पहिल्याच दिवशी टाळाटाळ आरंभली. तोंड कडू होतं, मळमळतं, जेवल्यावर घेते, चहानंतर घेते. आत्याच्या गोळ्या चुकू नयेत म्हणून आलेली बाई, आणि स्वतःच्या गोळ्या वाटीत तशाच.

नंदाने तिला स्वयंपाकघरात गाठून खडसावलं. ऋतुजा वाटीतल्या गोळ्या बोटाने इकडेतिकडे करत राहिली. मग म्हणाली, "घेणारच आहे गं. पण त्या दीड वर्षातलं मला काहीच आठवत नाही, आई. एक फोटोसुद्धा नाही. एवढं एकच माझ्यापाशी आहे, आणि तेही मीच मारायचं."

आक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या आत आल्या, वाटी ओढून घेतली, पाट सरकवून ऋतुजाच्या समोर बसल्या. फडताळातलं केळं सोललं, त्याचा तुकडा बोटांनी कुस्करला आणि त्यात एक गोळी दाबली.

"मी दिलं ते मीच काढणार," त्या म्हणाल्या. "आ कर."

"आत्या, अगं मी काय लहान..."

"आ कर म्हणते न्हवं."

आणि चौतीस वर्षांच्या ऋतुजाने आ केला. लहान पोराला भरवताना बाईचं होतं तसं आक्कांचंही तोंड आपोआप उघडलं. बोट आत गेलं, घास ठेवून बाहेर आलं, हनुवटीला लागलेलं अंगठ्याने पुसलं गेलं. ऋतुजाने गिळलं आणि न सांगता पुन्हा आ केला. आक्का दुसरी गोळी कुस्करायला लागल्या.

नंदा ओट्याला टेकून उभी होती. मिरजेच्या खाटेवर पडल्या पडल्या तिने रोज डोळे मिटून हेच बघायचा प्रयत्न केला होता, आपलं लेकरू आत्ता कसं जेवत असेल, आणि ते तिला कधी दिसलं नव्हतं. आज ते दोन हातांवर घडत होतं. ती पाणी आणायला म्हणून वळली, आणि न जाता तिथेच उभं राहून शेवटच्या गोळीपर्यंत बघत राहिली.